काकूंची गच्ची आणि कॅनडाचं दार

अकोल्याच्या बसस्टँडवर चहा घेत होतो, तेव्हा सुनीताचा फोन आला. "सर, आई गेल्या... सकाळी उठल्याच नाई." सुनीता म्हणजे वत्सलाकाकूंची सून. चहा तसाच टाकून मी अमरावतीची बस धरली. महिना होऊन गेला. पण काकूंवर लिहायला बसलं की आधी कॅनडाचाच राग येतो.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी अमरावतीत माझा इंग्रजीचा क्लास होता. काकू समोरच राहायच्या, मुलींच्या होस्टेलची मेस चालवायच्या. माझा पहिला विद्यार्थी कॅनडाला निघाला तेव्हा त्यांनी त्याला कुरड्यांचा डबा बांधून दिला. "तिकडं बर्फात कोन घालते वाळवण?" म्हणाल्या. पुढच्या वर्षी आणखी आया डबा मागायला आल्या, आणि बघता बघता काकूंनी मेस सोडून गल्लीतल्या पाच बायका हाताशी घेतल्या. पण मुलं जायची ऑगस्टमध्ये, आणि कुरड्या वाळायच्या त्या चैत्र-वैशाखाच्या उन्हातच. म्हणजे व्हिसा हातात यायच्या कितीतरी आधी गहू भिजायचा. म्हणून दरवर्षी काकू आधी मला विचारायच्या. मी हो म्हटलं की त्यांना पुरे.

तो देशही कसा बोलावत होता! या, शिका, काम करा, राहा... गल्लीतला बॅगवाला, फोटोवाला, झेरॉक्सवाला, सगळ्यांच्या चुली त्या बोलावण्यावर पेटत होत्या. मग तिकडे घरं महागली, लोक कुरकुरले आणि सरकारनं विद्यार्थ्यांच्या व्हिसावर मर्यादा घातली. घर त्यांचं, दार लावायचा हक्कही त्यांचाच, मान्य. पण पाहुण्याला फाटकापर्यंत आणून दार लावणं, याला आमच्याकडे दगाच म्हणतात.

त्या वर्षी माझ्या बहुतेक मुलांचे व्हिसे आलेच नाहीत. काकूंच्या घरात माळ्यापर्यंत डबे रचलेले, पाची बायका घरी बसलेल्या. मेस दुसऱ्या कुणाकडे गेली होती, ती परत मिळाली नाही. साठी ओलांडलेल्या काकू लग्नाच्या स्वयंपाकात पोळ्या लाटायला जाऊ लागल्या. पाय सुजायचे. माझाही क्लास बुडाला, मी अकोल्याच्या एका शाळेत लागलो. तरी रविवारी घरी असलो की काकू जेवायला हाक मारायच्या, आणि त्यांच्यासमोर मला घास गिळवत नसे.

कारण... लिहूनच टाकतो. मर्यादेची बातमी मी हिवाळ्यातच वाचली होती. उन्हं तापू लागल्यावर काकूंनी नेहमीसारखं विचारलं, "सर, जातीन ना पोरं औंदा? गहू भिजवू का?" मी म्हणालो, "बिनधास्त भिजवा." काकूंच्या गच्चीवर कुरड्या पसरल्या की यंदाही पोरं चालली, हे मोहल्ल्यातल्या आयांना कळायचं, आणि माझे प्रवेश भरायचे. गच्ची रिकामी दिसली असती, तर माझा क्लास तेव्हाच बसला असता.

तेरवीला त्या पाची बायका आल्या होत्या. पंगतीत एकीनं माझ्याकडे रोखून पाहत विचारलं, "सर, तुमाले काईच अंदाज नोता का जी?"

मी तोंड उघडायच्या आत, भात वाढता वाढता सुनीताच बोलली. "सरले काहून बोलून राहिल्या? आई शेवटपर्यंत सांगत होत्या, सरचा काई दोष नाई. त्यायले मालूम असतं, तर त्यायनं मले गहू भिजवूच देला नसता."

मी मान खाली घालून जेवत राहिलो.