दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत मी स्वतःहून हातात घेतलेलं एकही काम पूर्ण केलं नव्हतं. केकचा क्लास तीन आठवडे टिकला, संगणकाचा कोर्स परीक्षेच्या आधीच सुटला, मेंदीचे कोन फ्रीजमध्ये वाळून गेले. कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये बेडखालच्या कप्प्यात त्या सगळ्या उद्योगांचं सामान पडून असायचं. नवरा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट ऑफिसर. तो कधी लागेल असं बोलला नाही. शिवण शिकायचं मनात आहे, असं मी सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "मशीन लगेच घ्यायचं नाही ना?"

क्लास बुवापाड्यात होता. एका खोलीत चार मशीनं, एक कटिंगचं टेबल आणि शिकवणाऱ्या आपा. सगळ्याजणी त्यांना आपाच म्हणायच्या. साठी ओलांडलेल्या, माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे मराठी अगदी सहज बोलायच्या, मधूनमधून हिंदी मिसळून. गिऱ्हाइकांचे ब्लाउज, ड्रेस शिवता शिवता त्या आम्हा सात-आठ बायकांना शिकवायच्या.

पहिल्या दिवशी मला वाटलं, मशीनवर बसवतील. त्यांनी हातात सुई आणि एक चिंधी दिली.

"रोज एक वीत तुरपाई करायची. जास्त नको."

"एकच वीत?"

"एकच. पण रोज. आमच्यात सांगितलंय, अल्लाला ते काम आवडतं जे थोडं असलं तरी चालू राहतं. तू आज चार वीत करशील आणि परवापासून येणार नाहीस. तुझ्याकडे बघून कळतं."

मला राग आला, कारण ते खरं होतं. त्या रागातच मी महिनाभर रोज एक वीत तुरपाई केली. घरी पाहुणे आले तरी केली, मुलीला ताप होता तेव्हा तिच्या उशाशी बसून केली. महिन्याच्या शेवटी पहिली वीत आणि शेवटची वीत आपांनी शेजारी ठेवली आणि मला मशीनवर बसवलं.

त्यांची आणखी एक सवय होती. काम सुरू करण्याआधी त्या बिस्मिल्ला म्हणायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, तुमच्या देवाचं नाव घ्या, पण नियत ठरवून बसा. एकदा त्यांनी मला विचारलं, "आज कशासाठी बसलीस?"

मी म्हटलं, "वेळ जावा म्हणून."

"मग वेळ जाईल," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

त्या उत्तराने मी दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी मी मनाशी ठरवून बसले की आज कॉलर नीट बसवायची. ती बसलीसुद्धा. हे सगळं वाचताना फार साधं वाटेल. मला मात्र तोवर कुणी असं विचारलंच नव्हतं.

क्लासमध्ये एक गोष्ट चालायची नाही. जी बाई त्या दिवशी आलेली नाही तिच्याबद्दल बोलणं. एकदा एक मुलगी आठवडाभर आली नाही, तेव्हा तिच्या घरात काय चाललंय हे मीच रंगवून सांगत होते. आपांनी मशीन थांबवलं.

"ती इथे आहे का उत्तर द्यायला?"

"नाही."

"मग तिची गोष्ट तिला सांगू दे. पाठीमागे बोलणं आमच्यात फार मोठा गुन्हा मानतात. ज्याच्याबद्दल बोललो त्यानेच माफ करावं लागतं."

मी पुन्हा मशीन चालू केलं. बायका एकत्र बसून गप्पा मारणार नाहीत तर काय करणार, असंही मनात आलं. पुढे त्या नियमाचा सगळ्यात जास्त फायदा मलाच झाला.

आठ महिने झाल्यावर आपा मला गिऱ्हाइकाचं काम देऊ लागल्या. रमजान चालू होता. उल्हासनगरच्या एका सिंधी बाईंनी ब्लाउजचं कापड पाठवलं होतं. जरीच्या बुट्टीचं, त्यांच्या बहिणीने मुद्दाम बनारसहून आणलेलं. घरात मुलाचं लग्न होतं, दहा दिवसांवर आलेलं. आपांनी विश्वासाने कापड माझ्यापुढे ठेवलं आणि त्या नमाजाला आत गेल्या.

शिवणाऱ्या बायकांना माहीत असेल, बाह्या कापताना कापड समोरासमोर दुमडून कापावं लागतं, म्हणजे एक डावी निघते आणि एक उजवी. मी घाईत कापड एकावर एक तसंच ठेवून कापलं. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या. जरीच्या कापडाला उलट-सुलट बाजू असते, त्यामुळे एक उलटवून लावायचीही सोय नाही.

कापड संपलेलं होतं. मी कुणाला काही बोलले नाही. एका बाहीची वरची गोलाई दुसऱ्या बाजूला वळवून पुन्हा कापली. त्यात बाही इंचभर आखूड झाली, म्हणून उरलेल्या तुकड्याची पट्टी खाली जोडली, बुट्टी जुळवली आणि इस्त्री अशी फिरवली की जोड दिसेना. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ब्लाउज तयार झाला. आपांनी तो डोळ्यांनी पाहिलाच नाही, बाहीत हात घालून बोटं फिरवली. खालच्या कडेशी बोटं थांबली.

"इथे जोड आहे."

मी सगळं सांगितलं. आजूबाजूची मशीनं थांबली होती.

"बाईंना माहीत आहे?"

"दिसत नाही ना, आपा."

त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "आमच्या पैगंबरांची गोष्ट आहे. बाजारात धान्याचा ढीग होता. त्यांनी आत हात घातला तर आत ओलं. विकणारा म्हणाला, पावसाने भिजलं. ते म्हणाले, मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. फसवतो तो आमच्यातला नाही." मग म्हणाल्या, "कापड त्यांचं आहे. आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली अमानत आहे. चल."

"मी एकटी जाते."

"तू सांग. मी नुसती बसते."

दुपारचं ऊन होतं, त्यांचा रोजा होता. माझ्या स्कूटीवर त्या एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि आम्ही उल्हासनगरला निघालो. मी वाटेत तीन वेगवेगळी वाक्यं पाठ केली. त्या बाईंच्या दारात पोचल्यावर एकही आठवेना.

घरात लग्नाची गडबड होती. पलंगभर साड्या पसरलेल्या. बाईंनी सरबत पुढे केलं, मग आपांकडे पाहून स्वतःच ग्लास मागे घेतला. "रोजे में इतनी धूप में आयी? क्या हुआ?"

आपा माझ्याकडे बघत राहिल्या. मी ब्लाउज पिशवीतून काढला, बाही उलटी केली आणि जोड दाखवला. "आंटी, मैंने गलत काटा. दोनों बाजू एक हाथ की हो गयी. ये मैंने जोड़ा है और मैं छुपानेवाली थी." शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

बाईंनी चष्मा आणवला, जोडावर नख फिरवलं. चेहरा उतरला होता. "मेरी बहन लायी थी," एवढंच म्हणाल्या. मला रडू आवरत नव्हतं. आपांनी मला सावरलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. त्या फक्त म्हणाल्या, "बहनजी, कपड़ा मेरे भरोसे पे आया था. गलती मेरे घर की है. आप जो बोलो."

मग बाईंनी पलंगावरची लग्नातली साडी उचलली, तिचा काठ बाहीला लावून बघितला, दूर धरला, पुन्हा लावला.

"इसको छुपाओ मत," त्या मला म्हणाल्या. "ऊपर से जरी की लेस लगा दो. दोनों बाजू, एक जैसी."

त्यांनीच उल्हासनगरच्या कॅम्पातलं लेसचं दुकान सांगितलं. मी तिथूनच लेस घेतली आणि दोन दिवस खपून, टाक्याला टाका मोजत ती हाताने लावली. बाई न्यायला आल्या तेव्हा आरशासमोर उभ्या राहून त्यांनी दोन्ही हात वर केले, खाली केले. एका बाजूला लेस जरा सैल होती, ती त्यांनी घट्ट करून घेतली. जाताना मला म्हणाल्या, "शादी में आना." मी आणि आपा, दोघी गेलो. तो ब्लाउज त्यांनी खरंच घातला होता.

क्लासमध्ये त्या प्रकरणाबद्दल कुणी पाठीमागे बोललं नाही. मी सुटीवर असताना बोलल्या असतील असं मला वाटायचं, पण तशी एकही कुजबुज माझ्यापर्यंत आली नाही. नाहीतर मी शिवणही सोडलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आता चिखलोलीला नव्या इमारतीत माझा स्वतःचा क्लास आहे. अकरा जणी येतात. बेडखालच्या कप्प्यात आता अस्तराचे तागे असतात आणि नवरा मशीनला तेल घालतो. यश म्हणजे मोठं काहीतरी असं मला वाटायचं. मला मिळालं ते एवढंच आहे, आणि मला पुरतं.

आपांची नजर हल्ली बारीक कामाला चालत नाही, म्हणून त्यांनी क्लास बंद केला. गेल्या ईदला शीरखुर्मा खायला गेले तेव्हा म्हणाल्या, "मला मराठी वाचायला शिकव. बोलते, पण अक्षर येत नाही. आमच्यात शिकणं फर्ज आहे, त्याला वय नाही सांगितलेलं." उर्दू त्यांना लिहिता-वाचता येतं, त्यामुळे सुरुवातीला त्यांचा हात उजवीकडून डावीकडे जायचा. मी मोठ्या अक्षरांची मुलांची पुस्तकं नेते. मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर बसतो. ण आणि न वेगळे का, यावर त्या माझ्याशी वाद घालतात. परवा 'बाजार' हा शब्द त्यांनी न अडखळता वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आता चहा ठेव."