शेळीच्या दुधातला भाऊबंद

डेअरीत त्यांना सगळे सूक्ष्मराव म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. लोक काहीतरी ठेवणारच, मग आपणच का ठेवू नये, असा त्यांचा हिशेब. काम दूध आणि दुधाच्या नळ्या तपासण्याचं. एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, काचेच्या बशा आणि एका पायाने आखूड असलेली खुर्ची. आपली मतं एका बाजूला कलतात ती या खुर्चीमुळे, असं तेच सांगायचे.

भिंतीपलीकडे दह्याची खोली. ती थोरल्या भावाची, दादाची. वडीलही तिथेच दही लावायचे. त्यांच्या विरजणातलं थोडं आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या, असं ते चालत आलेलं. दोघा भावांचं बरं चाललं होतं, कारण मध्ये भिंत होती. एकमेकांच्या घरी येणंजाणं कधीच बंद झालेलं. सूक्ष्मराव दादाच्या दह्यात खोट काढायचे, डबे फुगतात म्हणायचे. दादा म्हणायचा, "दही जिभेने बघतात, भिंगाने नाही." मग सूक्ष्मराव जेवणाच्या सुट्टीत आपला डबा उघडून त्याच्यापुढे धरायचे. "दही म्हणजे हे. आमच्या घरचं बघ, शिक जरा." दादा बघायचा आणि आपली भाकरी मोडायचा.

डबे फुगवणारा जंतू मारायचा, हा सूक्ष्मरावांचा ध्यास. दूध आंबवणाऱ्या जंतूंमध्ये काही मोठे कजाग असतात. शेजारी कोणी आलेलं त्यांना खपत नाही. अंगातून एक द्रव्य सोडतात आणि शेजाऱ्याचा निकाल लावतात. बशीत शत्रूचा पांढरट थर वाढवायचा, मध्ये छिद्र पाडून त्यात आपल्या जंतूने सोडलेलं पाणी घालायचं. द्रव्य मारत असेल तर भोवती स्वच्छ वलय उमटतं. मागे एकदा असं वलय दिसलं तेव्हा सूक्ष्मरावांनी अख्ख्या डेअरीला चहा पाजला होता. संध्याकाळी कळलं की ती करामत नुसत्या आंबटपणाची. आंबटात काय, कोणीही मरतं. दिलेला चहा मात्र परत मागता येत नाही.

या खेपेला रखवालदाराच्या शेळीच्या दुधात एक गडी सापडला. सूक्ष्मरावांनी आधी आंबटपणा मारून घेतला. वलय राहिलं. मग प्रथिनं पचवणारा रस घातला, तेव्हा वलय गेलं. म्हणजे मारणारं द्रव्य प्रथिनाचं, हवं होतं अगदी तेच. चहा न पाजता ते थेट मालकांकडे गेले. हा जंतू विरजणात घातला की डबे फुगायचे नाहीत, म्हणाले.

मालकांनी दादाला बोलावलं. दादाने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "माझ्या विरजणावर करून बघितलंस का?"

"दादा, हा चोराला मारतो, घरच्यांना नाही."

करून बघितलं नव्हतं. बघायचं तर भिंतीपलीकडे जाऊन चमचाभर विरजण मागावं लागलं असतं, आणि मागायला जाईल तो सूक्ष्मराव कसला. मालकांनी मान डोलावली. दादा बाजूला झाला. सूक्ष्मरावांनी आपला शेळीवाला विरजणाच्या मोठ्या भांड्यात ओतला. विरजण रात्रभर मुरलं आणि सकाळी तेच सगळ्या डब्यांत गेलं.

दही लागलं नाही. झाकणं उघडली तर दूध डुचमळत होतं. या जातीचा जंतू परक्याच्या आधी सख्ख्या नात्यातल्यांना संपवतो. दादाच्या विरजणातले जंतू त्याचे चुलत भाऊच निघाले. त्याचं विष त्याला स्वतःला बाधत नाही, तेवढी सोय त्याने करून ठेवलेली असते. पुस्तकात हे सगळं लिहिलेलं आहे. सूक्ष्मरावांनी त्या ओळी पेन्सिलीने अधोरेखितही केल्या होत्या.

"जाऊ दे, उद्यापासून पाकिटातलं विरजण आणू," मालक म्हणाले.

"मग पाकीट फोडायला कोणीही चालेल," दादा म्हणाला. "मी काम सोडतो."

 विरजणाचं भांडं त्याने स्वतः घासलं, पालथं घातलं आणि निघून गेला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर सूक्ष्मरावांना बरं वाटलं असतं.

घरी बायकोने ताट वाढलं. सूक्ष्मरावांनी ताट बाजूला सारलं.

"दादाचं विरजण मेलं," ते म्हणाले. "बाबांचं. माझ्या हातून. दादा काम सोडतोय."

बायकोचा डाव हातातच राहिला. "मेलं कसं? मग हे ताटातलं दही कुठलं?"

"हे आपलं."

"आपलं आलं कुठून? मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात विरजणाचा थेंब नव्हता. जाऊबाईंनी दिलं. अधूनमधून बिघडलं की परत देतात, मागच्या दाराने."

"दादाला माहीत आहे?"

"भाऊजीच वाटीत काढून देतात. त्याला सांगू नका म्हणतात, कळलं तर खाणार नाही."

सूक्ष्मराव ताटातल्या दह्याकडे बघत बसले. इतकी वर्षं ते दादाचंच दही दादाच्या नाकासमोर धरून त्याला दही शिकवत होते, आणि दादा ऐकून घेत होता. घरी हे कधी फुगलं नाही, कारण बायको भांडं उकळून घेते. डेअरीत फुगतं ते नळ्यांच्या घाणीमुळे. आणि नळ्या तपासायचं काम कोणाचं, हे निदान या घरात तरी कोणाला विचारायला नको. त्यांना लाज वाटली. खरीखुरी, कान तापेपर्यंत.

ते उठले. बायकोने दह्याचं भांडं फडक्याने झाकून हातात दिलं. दादाच्या घरी जायला मागचं दार जवळचं होतं, पण ते पुढच्या दाराने गेले आणि दादाच्याही पुढच्याच दारावर थाप मारली.

दादानेच उघडलं. "काय आहे?"

"दही. तुझंच. जिवंत आहे. तू काम सोडू नकोस, दादा. चुकलं माझं."

दादाने फडकं बाजूला केलं, वास घेतला. वहिनीने आतून आणलेल्या चमच्याने थोडं काढलं आणि जिभेवर ठेवलं.

"धाकट्या सूनबाईने चांगलं सांभाळलंय," तो म्हणाला. "तू याला काही केलं नाहीस ना?"

"नाही. नुसतं खाल्लं."

दादाने भांडं त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि दारातून बाजूला झाला.

"ये आत," तो म्हणाला. "आधी हात धू."