उजव्या हाताची फेक

भोसरीतल्या कारखान्यात पॉवर प्रेसवर माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, तेव्हापासून तो हात पँटच्या खिशातच राहायला लागला. कंपनीनं मला स्टोअरमध्ये बसवलं, नोकरी टिकली, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण लोक हाताकडे बघून जे "अरेरे" करायचे ना, त्यानं माझं डोकं फिरायचं. लग्नात पंगतीला बसणं मी बंद केलं. नमस्कारसुद्धा मान हलवून उरकायचो. बायको म्हणायची, "फार अकड आलीय असं वाटतं लोकांना." वाटू दे, म्हणायचो.

आमच्या वरच्या मजल्यावर शाळेत पीटी शिकवणाऱ्या एक मॅडम राहतात. कॉलेजात असताना त्या सेपक टकरा, म्हणजे पायानं खेळायचा व्हॉलीबॉल, खेळायच्या. एका रविवारी सकाळी त्यांनी मला जिन्यात अडवलं. "दादा, खाली येता का? आम्हाला एक गडी कमी पडतोय. या खेळात बॉल हातानं खेळायचा नसतो." आवाज न उतरवता, सरळ. मला राग आला. घरी जाऊन चहा प्यायलो, राग तसाच होता, तरी बूट घालून खाली गेलो.

सोसायटीच्या मागे बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं आहे, तेच या खेळाला चालतं. जाळीही जवळपास तेवढीच उंच. एका बाजूला तिघं. विणलेल्या टोपलीसारखा भोकाभोकांचा बॉल पायानं, गुडघ्यानं, छातीनं नाहीतर डोक्यानं उडवायचा आणि जास्तीत जास्त तीन वेळा स्पर्श करून पलीकडे घालवायचा. मॅडम म्हणाल्या, "मांडी घालताना पाय वळतो ना, तसाच उभ्यानं वळवा. घोट्याची आतली बाजू वर. मारू नका, नुसता उचला." मी मारलाच. बॉल कुणाच्यातरी स्कूटरच्या आरशावर जाऊन आपटला. पुढचे कितीतरी रविवार मी नुसता उचलत होतो. खेळतानाही हात खिशात, त्यामुळे तोल जायचा. पण बॉल हवेत असला की दुसरं काही सुचायचं नाही, आणि तेवढा वेळ मला फार सुखाचा वाटायचा.

आमचा तिसरा गडी भोसरी गावातला एक रिक्षावाला. सर्व्हिस त्याची. कोर्टाच्या मागच्या भागात खडूनं आखलेल्या गोलात एक पाय रोवून तो उभा राहायचा, पुढून मॅडम हातानं बॉल फेकायच्या आणि तो दुसरा पाय उंच नेऊन हवेतच पलीकडे मारायचा. अख्ख्या खेळात हाताचं काम एवढंच, आणि मी त्यापासून लांब होतो.

मग एका रविवारी मॅडमचा खांदा आखडला. "आज तुम्ही फेका," म्हणून त्यांनी बॉल माझ्याकडे दिला. मी डाव्या हातानं फेकला. वाकडा गेला. पुन्हा फेकला, पुन्हा वाकडा. पलीकडची मंडळी कमरेवर हात ठेवून बघायला लागली. गोलात ताटकळलेला रिक्षावाला शेवटी वैतागला. "आरं राव, तू काय डावखुरा हायस का? उजव्यानं टाक की!"

खिशातून हात काढताना माझी कानशिलं तापली होती. बॉलच्या भोकांत अंगठा आणि उरलेली दोन बोटं नीट बसली. फेकला. सरळ गेला, पण जरा खाली. त्यानं कसाबसा पाय घातला आणि बॉल जाळीत अडकला.

"काय फेकतो भावा! एवढं बी जमंना व्हय?" तो ओरडला.

मॅडमही म्हणाल्या, "दादा, फेक खाली पडली. उंच हवी."

दोघांच्याही चेहऱ्यावर नुसता वैताग होता. अपघात झाल्यापासून त्या हाताची कीव सगळ्यांनी केली होती, चूक मात्र कुणीच काढली नव्हती. त्या दोघांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. मी तिथल्या तिथे उलटा ओरडलो, "तुझाच पाय पोचत नाही, त्याला मी काय करू!"