मुक्या बेडकाचं नाव

मावशी उठा, उठा ना... मी फोनवर मराठीतच ओरडत होते आणि पलीकडची बाई इंग्लिशमध्ये विचारत होती की श्वास चालू आहे का, कडेवरची इरा माझे केस ओढत होती आणि किचनमध्ये शालनमावशी जमिनीवर पडलेल्या. अँब्युलन्स आली, पण त्या गेल्या होत्या.

ग्लासगोत आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहायच्या. सगळं आयुष्य आफ्रिकेतल्या बेडकांमागे. मी बारावी नापास, मला काय कळतंय, पण चहा उकळेपर्यंत त्या सांगत राहायच्या. टांझानियाच्या डोंगरात त्यांना नखाएवढा बेडूक सापडलेला, अजून कुणीच नाव न दिलेला. बाकीचे नर ओरडून मादीला बोलावतात, हा मात्र हूं की चूं करत नाही. चिखलात बसून बसून गुडघे गेले म्हणायच्या, पण हा गप्पच.

माझी इराही अजून बोलत नाही. प्लेग्रुपमधल्या आपल्याच बायका म्हणाल्या, आई घुमी म्हणून पोर मुकी. मी रडत खाली गेले, तर मावशी म्हणाल्या, "त्यांना नावं ठेवू दे. आपण बेडकाला नाव ठेवू." आणि ठेवलं... मुका. मग इराला जवळ ओढून गालाचा एक घेतला. "हाही मुकाच की गं."

आता त्यांच्यासोबत काम करणारे गोरे सर म्हणतात, नाव बदलू, माझ्या गुरूंचं देऊ. पण ज्याच्यावरून नव्या जातीची नोंद लिहायची, ज्याच्याशिवाय नावच लागत नाही, तो पहिला बेडूक मावशींनी चित्र काढायला घरी आणलेला, औषधात बुडवलेला, बाटलीत, आणि घराची चावी माझ्याकडे. सर बाटली मागायला दारात आले. मी म्हटलं, "नो मुका, नो फ्रॉग." त्यांनी अर्थ विचारला. मला इंग्लिश सुचेना, मी सरळ इराचा मुका घेतला. सर लाल झाले, विचार करतो म्हणाले, रिकाम्या हातानं गेले. नवरा चिडला, आपण व्हिसावर आहोत, वेड लागलंय का तुला. लागू दे.

बाटली आता आमच्या फ्रिजवर आहे. इरा हात वर करते, मी बाटली खाली घेते, ती काचेला ओठ लावते... आवाज न करता. शुक्रवारी सर परत येणार. तेच नाव लिहून आणलं तर बाटली देईन, नाहीतर नाही. घाबरलेय मी, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही माझ्या जागी असता, तर दिली असती?