गाडीचा डावा हात

आमच्या घणसोली गावातल्या घरमालक आजोबांइतका नियमाचा माणूस अख्ख्या नवी मुंबईत झाला नसेल. हे मी जरा भीत भीतच लिहितो, कारण नव्वदच्या दशकात मी पाहिलेली नवी मुंबई म्हणजे कॉलेज, खाणावळ आणि त्यांची भाड्याची खोली एवढीच. आजोबा पूर्वी मिठागराच्या शेठचे ड्रायव्हर. शेठ गाव सोडून जाताना आपली जुनी, काळी, इंग्रजी मोटार त्यांना देऊन गेले. त्या मोटारीला इंडिकेटरचे दिवे नव्हते, हात होते. दोन दारांमधल्या खांबात एक पिवळी पट्टी लपलेली असे, दोन्ही बाजूंना एकेक. बटण दाबलं की विजेवर ती टपकन आडवी बाहेर यायची. "आधी सांगायचा, मंग वलायचा," हा आजोबांचा नियम, आणि तो त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता. गल्लीत पायी चालतानासुद्धा वळण्याआधी हात बाहेर. एकदा लग्नाच्या पंगतीत भात वाढताना त्यांनी असाच हात दाखवला, तर मागून येणाऱ्या वरणवाल्याने खरोखर ब्रेक लावला.

पुढे गाडीचा डावा हात मोडला. तो ज्या पितळी स्क्रूवर फिरायचा, तो झिजून तुटला. झालं, आजोबांनी डावीकडे वळणंच बंद केलं. डावं वळण आलं की ते सरळ पुढे जायचे आणि तीन वेळा उजवीकडे वळून तिथेच यायचे. सेक्टरचे चौकोनी रस्ते जणू त्यांच्यासाठीच आखले होते. एकदा त्यांनी मला परीक्षेला वाशीला सोडलं. तेवढ्या प्रदक्षिणा मी देवाला घातल्या असत्या तर पहिला वर्ग नक्की होता. घोडं अडायचं ते घराशी. तळ्यापाशी रस्ता संपतो आणि आमच्या गल्लीत शिरायला डावीकडेच वळावं लागतं. म्हणून गाडी गावाबाहेर पिंपळाखाली उभी आणि मालक चालत घरी. कोणीतरी म्हणालं, रिव्हर्सने आणा. "उलट्या पायानं घरान भुता येतान," आजोबा म्हणाले. गॅरेजवाल्याने लुकलुकणारे दिवे सुचवले, तर त्याच्यावरच भडकले, "म्हनजे भर रस्त्यान बायामानसांना डोला मारीत जाव?"

मग स्क्रूचा शोध सुरू झाला. तुटका स्क्रू काडेपेटीत, काडेपेटी खिशात. तुर्भ्याचे भंगारवाले झाले, मुंबईचा चोरबाजार झाला. नव्या स्क्रूचे आटे त्या जुन्या गाडीत बसेनात. शेवटी आजोबांना संशय आला, की नेमका तसा स्क्रू गावातच कुणाच्या तरी जुन्या वस्तूत दडून बसलाय. ते येताना दिसले की बायका शिलाई मशीनवर चादर टाकू लागल्या. माझ्या टेबलफॅनचा स्क्रू त्यांनी माझ्यासमोरच काढला.

"आजोबा, परीक्षा आहे," मी कसंबसं म्हणालो.

"मंग वारा कनाला? अभ्यास करताना घाम येवाला पायजे."

तो स्क्रूही बसला नाही. परत लावल्यावर पंखा कायम मान खाली घालून वारा घालू लागला, नापास झाल्यासारखा.

एवढी तगमग कशासाठी, ते मला उशिरा कळलं. त्यांची धाकटी मुलगी करावे गावात दिली होती, आणि पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं होतं. लग्नात ती याच गाडीने सासरी गेली. गल्लीतून बाहेर पडायला उजवं वळण, आणि तो हात अजून ठणठणीत. "धाडताना दारातून धाडली," आजोबा हळूच म्हणाले, "आनताना पिंपलाखाली उतरवू?"



तिला आणायचा दिवस उजाडला तरी स्क्रू मिळाला नव्हता. सामान उचलायला आजोबांनी मलाही बरोबर घेतलं. परतताना पिंपळ आला, गेला. गाडी थांबली नाही. थांबली ती थेट तळ्यापाशी, वळणाच्या तोंडावर. आजोबांचे हात स्टिअरिंगवर तसेच. मागून रिक्षावाला ओरडला, "काय आजा, झोपला का?"

मुलगी पुढे, त्यांच्या डावीकडे बसली होती. तिने काच खाली केली आणि हिरव्या बांगड्यांनी भरलेला हात सरळ बाहेर काढला.

"बाबा, दाखवला हात. वला आता."

आजोबांनी त्या हाताकडे नीट पाहिलं, नियमात बसतोय की नाही असं. मग डोळे पुसले आणि अगदी सावकाश वळले. गाडी दारात लागली.

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर ती सासरी गेली. उजवीकडे वळून. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुर्भ्याला तो स्क्रू मिळाला, अगदी हवा तसा. पण काडेपेटीत आता दोन स्क्रू वाजत राहिले. "बसवा ना," मी म्हणायचो. "बसवू. घाई काय हाय?"

खोली सोडली त्या दिवशी निरोप घ्यायला मी पिंपळाशी गेलो. आजोबा गाडी पुसत होते. डावीकडची काच पूर्ण खाली होती, आणि पुढच्या सीटवर पिंपळाची पानं पडली होती. ती त्यांनी एकेक करून वेचली. काच मात्र वर केली नाही.