तानपुऱ्याचा माईक

“मामा, माझ्यापुढचा माईक काढा,” शकुंतलाताई म्हणाल्या, तेव्हा निमोण्याच्या शाळेचे पटांगण भरलेले होते आणि तबलजी हातोडीने तबला सुरात आणत होता.

हा प्रसंग भाषणांतून रंगवणाऱ्यांपैकी एकही गृहस्थ त्या वेळी माझ्या मिक्सरजवळ नव्हता. मी होतो. शिरूर-दौंड भागात लाऊडस्पीकर लावण्यात माझे आयुष्य गेले आहे.

ताई दौंड तालुक्यातल्या राहूच्या. शास्त्रीय बासरी घेऊन मैफलीला बसणारी आमच्या दोन तालुक्यांतली पहिली बाई. वर्तमानपत्रे त्यांना मेंढरांमागे बासरी शिकवतात. वस्तुतः वडील रेल्वेत नोकरीला होते आणि ताई एसटीने पुण्याला जाऊन गुरूंकडे शिकल्या. एसटीत मेंढरे नव्हती.

माईक काढण्याचे कारण पहिल्या रांगेत बसले होते. निवृत्त मुख्याध्यापक शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले होते, “बाईमाणसाची फुंकर ती केवढी. सगळं माईकच वाजवतो.” ते ताईंनाही ऐकू गेले. वास्तविक माईकला फुंकर घालता येत नाही. जे आहे तेच तो मोठे करतो. पण हे मुख्याध्यापकांना कोण शिकवणार?

यात्रा समितीचे अध्यक्ष बबनआप्पा धावत आले. “ताई, मागल्यांना ऐकू न्हाई आलं तर उठत्याल. आन् माणूस उठला, तर फुडल्या वर्षी बासरी न्हाई, ऑर्केस्ट्रा.”

“उठू द्या, आप्पा. माईक वाजवतो असं उद्या कुणी म्हणायला नको.”

मी माईक काढला आणि मुद्दाम मुख्याध्यापकांच्या नाकासमोरून नेला. तानपुऱ्यापुढचा मात्र ठेवला. माईकला आपपरभाव नसतो; शेजारचा आवाजही तो उचलतो. तानपुरा धरणाऱ्या मुलीला सांगितले, “तार हलकी छेड.” मग तानपुऱ्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याची सरकती खुंटी, वर नेला.

बासरी आली, पण शेजारच्या घरात वाजावी तशी. फेडर आणखी चढवला, तर स्पीकर शिट्टी मारू लागला. याला फीडबॅक म्हणतात: स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि दोघांचे भांडण लागते. मुख्याध्यापकांनी मान वळवून पाहिले. मी फेडर उतरवला.

मागच्या रांगेत दोघे-तिघे उठून चपला शोधू लागले.

“मामा, गेलं वो,” आप्पा माझ्या कानाशी म्हणाले.

“हात लावू नका कशालाही. गप उभे राहा.”

मी फेडर केसभर वर केला आणि त्याच क्षणी बासरी भरली. खालचे सूर थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. चपला शोधणारे आहेत तिथेच खाली बसले. दीड तास कोणी उठले नाही. पुढच्या वर्षीही ताईंनाच बोलावणे गेले.

शेवटी मुख्याध्यापकांनी उभे राहून जाहीर केले, “माईकविना वादन, मी साक्षीदार आहे.” पुढे लोकांच्या सांगण्यात वीज गेली, वारा थांबला, आणि अलीकडे तर झाडावर पाखरेही येऊन बसली आहेत.

गेल्या महिन्यात दौंडला ताईंचा सत्कार झाला. वक्त्याने पाखरांपर्यंत मजल मारल्यावर मी उठलो. तानपुऱ्याचा माईक चालू होता आणि फेडर माझ्या बोटाखाली होता, हे सांगितले.

“मामा, बसा की आता,” मागून कोणी तरी म्हणाले.

ताईंनी हात वर केला. “मामांचं खरं आहे. माईक चालू होता, ते मला वाजवतानाच कळलं. पण आवाज फेडरनं भरला नाही, मामा. माणसं चपला शोधताना दिसली, तशी मी वाजवत वाजवत वीतभर त्या माईककडे सरकले.”

“मला बोलला नाहीत कधी.”

“तुम्ही इतक्या हौसेनं सांगत होता.”

लोक हसले. फेडर केसभर हलवून आवाज तेवढा भरत नाही. माईक वीतभर जवळ आला तर भरतो. हे मी कामावरच्या पोरांना आयुष्यभर शिकवत आलो, आणि त्या भरलेल्या आवाजाचे श्रेय इतकी वर्षे माझ्या बोटाला देत आलो. माझ्या हकिकतीतली चूक मी येथे लेखी दुरुस्त करीत आहे. मुख्याध्यापक अद्याप हयात आहेत, आणि लिहिता त्यांनाही येते.