परग्रहावरचं पुरणयंत्र

डमडमच्या शकुनमावशींनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. आता निवृत्त झाल्या, तर घरी स्वस्थ बसतील? छे! कोलकात्यातली मराठी पोरं गोळा करायची, त्यांना मराठी बोलायला लावायचं आणि गणपतीत मंडळात काहीतरी करून दाखवायचं, हा त्यांचा उद्योग. स्वतः इथेच जन्मल्या, वाढल्या. बाजारात घासाघीस बंगालीत करतात, पण पोरांच्या मराठीत चूक झाली की डोळे वटारतात.

त्यांचं दुखणं एकच, बदल्या. पोर जरा धड बोलायला लागलं की बँकेतल्या बापाची बदली झालीच म्हणून समजा. एका वर्षी तर नाटकातला शिवाजी तालीम अर्धवट टाकून भोपाळला गेला. मावशी आठवडाभर कुणाशी नीट बोलल्या नाहीत.

यंदा सिनेमा होता, मोबाइलवर काढलेला. मुलांना गंगेकाठच्या चिखलात परग्रहावरून आलेली एक वस्तू सापडते, अशी गोष्ट. वस्तू म्हणून मावशींनी आपलं पितळी पुरणयंत्र दिलं. खाली पाय, वर फिरवायचा दांडा, बुडाला भोकंच भोकं! इथल्या बहुतेक पोरांनी असलं काही पाहिलंच नव्हतं, त्यामुळे तोंडाचा आ वासायला कुणाला शिकवावं लागलं नाही. त्या वस्तूशी पहिल्यांदा दोस्ती करते ती कादंबरी नावाची मुलगी. पोरगी काय काम करायची म्हणून सांगू! आणि नेमकी तिच्याच वडिलांची गुवाहाटीला बदली. उद्या सकाळी त्यांची गाडी, आणि शेवटचा प्रसंग अजून बाकी.

"आज झालं नाही तर यंदाही मुसळ केरात," मावशी नवऱ्याला म्हणाल्या. अगदी रडकुंडीला आल्या होत्या.

"होईल गं," श्यामसुंदरराव म्हणाले आणि मोबाइल घेऊन बागबाजारच्या घाटावर उभे राहिले.

प्रसंग सोपा होता. कादंबरीने "जा, तुझ्या घरी जा" म्हणायचं, झाडामागे लपलेल्या वेदांत नावाच्या पोराने फांदीवरून टाकलेली दोरी ओढायची, की पुरणयंत्र वर आकाशात! बाकीच्यांनी हात हलवायचे.

मावशींनी खूण केली. कादंबरी पुढे आली, पण वाक्य काही म्हणेना. तिने यंत्राची दोरी सोडली, ते दोन्ही हातांनी डोक्यावर घेतलं आणि सरळ घाटाच्या पायऱ्या उतरायला लागली.

"मोरया!" वेदांत ओरडला. झालं! सगळी पोरं टाळ्या पिटत तिच्यामागे. कुठला परग्रह आणि कुठलं काय. "गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!" पाण्यात आंघोळ करणाऱ्या एका बंगाली बाईंनी, देवाचं काहीतरी चाललंय असं समजून हात जोडले. कादंबरीने यंत्र एकदा बुडवलं, दोनदा बुडवलं, आणि तिसऱ्यांदा सोडून दिलं.

"अगं कार्टे, माझ्या आईचं होतं ते!" मावशी पदर खोचून धावल्या. "वर पाठवायचं सांगितलं होतं ना तुला?"

कादंबरी गुडघाभर पाण्यात उभी होती. गालांवरून पाणी वाहत होतं.

"वर उडून गेलेलं परत कुठे येतं, मावशी? गणपती पाण्यातून जातो, म्हणून दरवर्षी येतो." मग नाक ओढत म्हणाली, "उद्या मी निघाले की मलापण तसंच म्हणा ना."

मावशींचा राग कुठल्या कुठे पळाला. साडीसकट त्या पाण्यात उतरल्या आणि पोरीला पोटाशी धरलं.

"पुढच्या वर्षी लवकर ये गं माझे बाई," त्या म्हणाल्या आणि घाटावरच्या सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडल्या. श्यामसुंदररावांनी मोबाइल बंद केला नव्हता. तेही त्यात आलं.